काळ्या पडद्यावर एकच चेहरा

तपासणीच्या खोलीत आम्ही तिघी भिंतीला पाठ लावून उभ्या होतो. मी, नर्स आणि रिसेप्शनवरची मुलगी. डॉक्टरांनी मला आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं, बोलायचं नाही, हसायचं नाही आणि बांगड्या काढून पर्समध्ये ठेवायच्या. मला वाटलं, काय हा पोरखेळ. सात वर्षांच्या पोरीला स्वतःची आई ओळखता येते का, हे बघायला एवढं नाटक कशाला? पण डॉक्टर गंभीर होते, म्हणून मनात म्हटलं, करा बाप्पा तुमचं समाधान.

दार उघडलं आणि माझी मुलगी मैत्री आत आली. डॉक्टर तिला इंग्रजीत म्हणाले, जा, आईकडे जा. ती थांबली. आमच्या तिघींकडे तिनं एकदा बघितलं आणि सरळ चालत रिसेप्शनवरच्या मुलीकडे गेली. त्या मुलीनं माझ्यासारखाच निळा कुर्ता घातला होता. मैत्रीनं तिचा हात धरला आणि विचारलं, "आई, आर वी डन?"

मी शेजारीच उभी होते. हात लांब केला असता तर तिच्या वेणीला लागला असता. ती रिसेप्शनवरची मुलगी बिचारी रडायलाच लागली. मला रडूही आलं नाही. कानात नुसता एसीचा आवाज घुमायला लागला. मग मी कसंबसं "मैतू" म्हटलं, तशी ती झटकन वळली, तिचा हात सोडून माझ्या पोटाला बिलगली आणि त्या मुलीला सॉरी म्हणाली. जणू चुकून कुणाच्या पायावर पाय पडला होता.

डॉक्टरांनी त्या दिवशी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते, कारण मला तेवढंच समजलं. तिचे डोळे चांगले आहेत. चष्म्याचा नंबर नाही. डोळे बघतात, पण बघितलेल्याचा अर्थ मेंदूला नीट लावता येत नाही. मोकळ्या जागेत एकच वस्तू असेल तर तिला कळते. दहा वस्तू एकत्र आल्या की त्यांची खिचडी होते. आणि चेहरा म्हणजे गर्दीच. डोळे, नाक, ओठ, सगळं एकमेकांना लागून आणि सगळं सारखं हलणारं. जन्माच्या वेळी काही त्रास झाला होता का, असं त्यांनी विचारलं. झाला होता. ती उशिरा रडली होती आणि काही दिवस काचेच्या पेटीत होती. घरी आणल्यावर धडधाकट दिसली, म्हणून आम्ही ते सगळं विसरूनही गेलो होतो.

"मग ती मला कशी ओळखते?" मी विचारलं.

"आवाजावरून. चालीवरून. कपड्याच्या रंगावरून," डॉक्टर म्हणाले. "शी इज अ व्हेरी क्लेव्हर गर्ल."

हुशार आहे हे मला माहीत होतं हो. पण सात वर्षं मी तिला पावडर लावली, समोर बसून घास भरवले, तोंडं वेडीवाकडी करून हसवलं आणि ती माझ्या नुसत्या आवाजाला हसत होती, हे ऐकून माणसानं काय करायचं? मी पर्समधून बांगड्या काढल्या आणि पुन्हा हातात घालत बसले.

कसं कळलं नाही

हे मला सगळे विचारतात, म्हणून आधी त्याचंच उत्तर देते. मी सुजाता. आम्ही मूळचे नागपूरचे, आता बहारीनमध्ये असतो. मी रिफामध्ये एका कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर आहे, म्हणजे कुठला कागद कुठे गेला ते सांभाळायचं काम. नवरा मिलिंद झल्लाकच्या एका हॉटेलात एसी आणि चिलरच्या मेंटेनन्सला आहे. घर हमद टाउनमध्ये. इथे पोर पायी कुठे जातच नाही. घरातून गाडीत, गाडीतून शाळेत, शाळेतून पुन्हा गाडीत. पडायला, धडकायला, रस्ता चुकायला संधीच मिळत नाही. उन्हात डोळे बारीक करायची, तर बहारीनच्या उन्हात कोण करत नाही? मॉलमध्ये एकदा दुसऱ्याच बाईच्या मागे निघाली होती. आम्ही आठवडाभर त्यावरून तिची थट्टा केली.

शाळेतली डोळ्यांची तपासणीही ती पास झाली होती. कारण तिथे कार्डावरचं एक-एक अक्षर दाखवत होते आणि एकटं अक्षर तिला दिसतंच. फळ्यावरचं उतरवून घेत नाही, वर्कबुकात काहीतरीच लिहिते, म्हणून टीचरनं 'केअरलेस' असा शेरा दिला आणि मी त्यावरून तिला चांगली झापलीही. शेवटी शाळेतल्या समुपदेशक बाईंनी सांगितलं, एकदा मोठ्या डॉक्टरांना दाखवा. मी चष्मा लागेल या तयारीनं गेले होते. फ्रेमसुद्धा मनात ठरवून ठेवली होती, गुलाबी.

दुसरा धक्का त्याच आठवड्यात बसला. शुक्रवारी आम्ही पाच-सहा घरं कुणाच्या तरी हॉलमध्ये जमतो. जय भीम होतो, बुद्धवंदना होते, मग चहा-पोहे आणि नागपूरच्या गप्पा. ती वंदना मैत्री सांगते. हातात पुस्तिका धरून, मान ताठ ठेवून, एक शब्द चुकायची नाही. सगळ्यांना तिचं केवढं कौतुक. इथली इंग्रजी शाळेतली मुलं मराठीत उत्तर द्यायला मागत नाहीत आणि आमची पोरगी देवनागरी वाचते, म्हणून मीही मिरवून घ्यायचे. त्या शुक्रवारी मी पहिल्यांदाच तिच्या मागे जाऊन बसले आणि खांद्यावरून पुस्तिकेत डोकावले. तिच्यासमोर अनुक्रमणिकेचं पान उघडं होतं. ती खणखणीत आवाजात पंचशील म्हणत होती आणि योग्य वेळ आली की पानही उलटत होती.

एवढ्या लोकांत कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही? कारण आमच्यात पुस्तिकेत बघायची कुणाला गरजच पडत नाही. लहानपणापासून सगळ्यांना पाठ. पुस्तिका आपली हातात असते. घरी आल्यावर मी तिला जवळ घेऊन विचारलं, की वाचत नाहीस तर पुस्तिका कशाला धरतेस? ती गोंधळून गेली. तिच्या इंग्रजीत म्हणाली, वाचते की. पुस्तक उघडायचं आणि म्हणायचं, सगळे तसंच वाचतात ना?

वाचणं म्हणजे ते, असं तिला वाटत होतं. मिलिंद ऐकत होता. तो उठून गॅलरीत गेला आणि बराच वेळ आत आलाच नाही.

डॉक्टरांनी टॅब लिहून दिला

आमच्या घरी टॅब नव्हता. मुद्दाम घेतला नव्हता. बाकीची पोरं जेवताना टॅब बघतात आणि आमची गोष्टी ऐकते, हे मिलिंद दर शुक्रवारी कुणाला ना कुणाला ऐकवायचाच. आणि आता डॉक्टरांनी ज्या थेरपिस्टकडे पाठवलं तीच सांगत होती, टॅब घ्या.

ही थेरपिस्ट बहारीनीच. शांत बाई, काळा अबाया, आणि मैत्रीशी बोलताना आधी स्वतःचं नाव सांगणारी. आम्हालाही तिनं हेच शिकवलं. मैत्रीजवळ गेलात की आधी कोण ते सांगा. तिचं म्हणणं असं, की टॅबच्या पडद्याला आतून उजेड असतो, पाठीमागचं सगळं काळं करता येतं आणि एका वेळी एकच गोष्ट दाखवता येते. या पोरांना नेमकं तेच लागतं. मिलिंदला पटेना. गाडीत मला म्हणाला, डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो आणि टॅब घेऊन येऊन राहिलो, आईला काय सांगू? सांगायची वेळ आलीच. सासूबाई फोनवर म्हणाल्या, मोबाइलनंच डोळे गेले असतील पोट्टीचे. तिनं मोबाइल धरलासुद्धा नव्हता, हे त्यांना पटवता पटवता माझा घसा सुकला.

मी काय केलं ते ऐका, म्हणजे तुम्ही करणार नाही. टॅब घरी आणला आणि लहान मुलांची जेवढी म्हणून ॲप सापडली तेवढी भरली. नाचणारे प्राणी, उडणारी अक्षरं, इंद्रधनुष्य, गाणी. रंगीबेरंगी म्हणजे मुलांसाठी चांगलं, हेच आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. मैत्रीनं थोडा वेळ पडद्याकडे तोंड केलं, मग मान फिरवली, मग दोन्ही हातांनी डोळे झाकले आणि डोकं दुखतंय म्हणून रडायला लागली. मी आणखी बोटं फिरवून आवाज वाढवला. माझंच डोकं फिरलं होतं, दुसरं काय.

थेरपिस्ट रागावली नाही. "शुवय शुवय," म्हणाली, म्हणजे हळूहळू, आणि एकामागून एक सगळी ॲप काढून टाकली. एकच ठेवलं. काळा पडदा, त्यावर एक लाल चेंडू. बोट लावलं की तो सरकायचा आणि टुंग असा आवाज यायचा. मैत्री म्हणाली, हे तर बेबीचं आहे. पण खेळली. आणि बोट बरोबर चेंडूवर ठेवत होती, चुकत नव्हती. मग चेंडूचा पिवळा मासा झाला, माशाचं अक्षर झालं. दुसरं एक ॲप होतं ज्यात पडद्यावर एका वेळी एकच शब्द यायचा, हवा तेवढा मोठा, हव्या त्या रंगात.

त्यात मराठीही लिहिता येतं हे मला सापडलं तेव्हा मी किचनच्या ओट्यापाशी उभी होते. गंमत म्हणून काळ्यावर पिवळ्या रंगात टाइप केलं, 'बुद्धं'. तिला दाखवलं, अक्षरं एक-एक करून सांगितली. ती बराच वेळ बघत राहिली. मग पडद्यावर बोट ठेवून हळूच म्हणाली, "हे ते आहे? जे आपण म्हणतो?"

मी हो म्हटलं. ती म्हणाली, "इट्स सो स्मॉल." एवढी वर्षं ती जे म्हणत होती ते दिसायला एवढंसं असतं, याचंच तिला नवल वाटलं होतं. मला कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू आली नाही, एवढी मी तिच्याकडे बघत बसले.

ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांना एवढंच सांगते, टॅब म्हणजे औषध नाही. डोळे थकतात, मध्ये मध्ये विश्रांती द्यावी लागते आणि काही दिवशी काल ओळखलेला शब्दही दिसत नाही. त्या दिवशी आपण हाय खायची नाही. घरही थोडं रिकामं करा. आम्ही फुलाफुलांची चादर काढली, सोफ्यावरच्या उशा काढल्या. मी छापील कुर्ते बंद केले. तिची वाटी पांढऱ्या ताटाऐवजी काळ्या ताटात ठेवायला लागलो, तर पहिल्यांदाच भात न सांडता जेवली. लोक विचारतात, घर असं ओकंबोकं काय केलं? विचारू द्या.

दवाखान्यातले दिवस वाईटच होते. एमआरआयसाठी आत नेताना तिनं विचारलं होतं, आतमध्ये माझ्याशी कोण बोलणार? तेव्हा माझा धीर सुटला. बाहेर बाकावर एक बहारीनी आजी बसल्या होत्या. भाषा कळत नव्हती, पण त्यांनी थर्मासमधली कॉफी माझ्या हातात दिली, दोन खजूर दिले आणि मैत्री बाहेर येईपर्यंत स्वतःचा नंबर येऊनही उठल्या नाहीत. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

चेहरा

चेहऱ्याचं काम सगळ्यात शेवटी सुरू झालं. थेरपिस्टनं माझा फोटो काढला, टॅबवर पाठीमागचं सगळं पुसून काळं केलं आणि मैत्रीसमोर ठेवला. वरून खाली बघायचं, ती म्हणाली. आधी केस, मग भुवया, मग डोळे, मग नाक, मग ओठ. प्रत्येकावर बोट ठेवायचं. मैत्री माझ्या भुवयांवर थांबली. तिनं विचारलं, आई, तुला इथेपण केस आहेत? आम्ही हसलो. पण गाडीत बसल्यावर मी आरशात स्वतःच्या भुवया बघत राहिले. सात वर्षांच्या लेकीला आईच्या भुवया माहीत नव्हत्या.

पण ती शिकली. रोज थोडं थोडं. माझ्या डाव्या भुवईवर तीळ आहे, तो तिची खूण झाला. फोटोतल्या तिळावरून हळूहळू ती खऱ्या तिळावर आली. समोर येऊन माझी हनुवटी धरायची, तीळ शोधायची आणि "येस, आई," म्हणून निघून जायची. तिला ते पाढे म्हटल्यासारखं होतं. मी मात्र प्रत्येक वेळी मनात म्हणायचे, आज सापडेल की नाही.

मिलिंदनं स्वतःचा फोटो काढू दिला नाही. आज ड्यूटीवरून दमून आलो, उद्या काढ. उद्या दाढी वाढली होती. परवा वेळ नव्हता. मी चिडचिड केली, तेव्हा खरं बाहेर आलं. त्यानं आम्हा दोघींना नागपूरला पाठवायचं ठरवून टाकलं होतं. तिकिटंही काढली होती. तिथे अशा मुलांची शाळा आहे, आई आहे, चुलत्यांची पोरं आहेत, इथे आपलं कोण आहे, असं त्याचं म्हणणं. आणि त्याचा व्हिसा, त्याची नोकरी इथेच. म्हणजे मी नोकरी सोडायची आणि तो इथे एकटा राहणार.

शाळेवरून हमद टाउनला येताना राउंडअबाउटला हा वाद झाला. मी एवढी भडकले की त्यानं त्याच राउंडअबाउटला दोन फेऱ्या मारल्या, कुठे वळायचं तेच त्याला सुचेना. मी म्हटलं, आत्ता कुठे तिला माझा चेहरा समजायला लागला आहे. तुझा तर तिनं अजून बघितलाच नाही. तू नसलास तर कधी बघणार ती?

"माझा चेहरा काऊन लागते तिला?" तो म्हणाला. "आवाज आहे ना माझा. फोनवर रोज बोलीन. तिला काय फरक पडते?"

हा माणूस आपल्या पोरीसाठी नुसता आवाज होऊन राहायला तयार झाला होता आणि त्याला ते सोपं वाटत होतं. मला त्याचा राग आला, त्याहून जास्त भीती वाटली. वर्षभरानं हा सुट्टीवर येईल, विमानतळावर समोर उभा राहील आणि ती त्याच्या बाजूनं निघून जाईल. तेव्हाही हा म्हणेल, काय फरक पडते.

निघायच्या आधीचा शुक्रवार. दुपारचं जेवण. वरण-भात, भरीत. मैत्री जेवायला बसली की आता आधी टॅबनं ताटाचा फोटो काढते आणि मोठा करून बघते, लोणचं कुठे आहे, भरीत कुठे आहे. मिलिंद तिच्यासमोर बसला होता आणि नागपूरचं सांगत होता. आजी रोज काय काय करून घालेल, चुलतभाऊ सायकल शिकवतील, गल्लीत कुत्र्याची पिल्लं झाली आहेत, त्यातल्या एकाचं नाव तू ठेव. मोठ्यानं, हसत. मी पोळी वाढायला वळले आणि माझा हात तसाच राहिला.

त्याच्या गालांवरून घळाघळा पाणी वाहत होतं. आवाज मात्र हसरा. एकदाही कापला नाही, एकदाही अडखळला नाही. मी बघितलं हे त्यालाही दिसलं. त्यानं नुसती मान हलवली, म्हणजे बोलू नकोस. तेव्हा मला कळलं की हे काही पहिल्यांदा नाही. हा माणूस डॉक्टरांच्या त्या दिवसापासून पोरीसमोर बसून, तिला गोष्टी सांगत, असाच रडत आला होता. तिला दिसत नाही हे माहीत होतं, म्हणून. एकाच घरात राहून मला पत्ता नव्हता.

मैत्रीनं फोटो काढला. पण टॅब तिनं ताटावर नाही, वर धरला होता. तिला पप्पांचा चेहरा हवा होता. मिलिंद अजून पिल्लांचंच सांगत होता. तिनं फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि थेरपिस्टनं शिकवल्याप्रमाणे वरून खाली जायला लागली. केस. भुवई. डोळा. मग तिचं बोट थांबलं.

"पप्पा, देअर इज वॉटर," ती म्हणाली. "हिअर."

मिलिंदचं बोलणं तुटलं. तिनं टॅब बाजूला ठेवला, खुर्चीवरून उतरली, त्याच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये जाऊन उभी राहिली आणि फोटोत जिथे बोट ठेवलं होतं तिथेच, खऱ्या गालावर, बोट ठेवलं. ओलं लागलं तशी तिनं बोट काढून बघितलं. मिलिंदनं घाईघाईनं तोंड पुसायला हात वर नेला.

"पप्पा, डोन्ट वाइप," मैत्री म्हणाली. "मी पाहून राहिली."

तिकिटं दुसऱ्या दिवशी रद्द झाली. पण त्या दुपारी त्यानं फक्त हात खाली घेतला आणि तिचं पाहून होईपर्यंत चेहरा तिच्यासमोर धरून बसला.